आलोच, साहेब!

इंग्रजीतला 'ॲनन', म्हणजे आज 'थोड्या वेळात' म्हणणारा शब्द, जन्मला तेव्हा मोठा तत्पर गडी होता. जुन्या इंग्रजीत तो होता 'ऑन आन', म्हणजे 'एकात'. मध्ये कुठे न थांबता, एका दमात! 'ॲनन येतो' म्हणणारा तेव्हा खरोखरच उठत असावा.

खानदानही थोर. 'आन' म्हणजे एक. 'वन', 'वन्स', 'ओन्ली' ही सगळी त्याच घरातली. 'अलोन'ही घरचाच, त्याचं डोकं उडवून 'लोन' उरला आणि त्याला 'लोनली' झाली. (एवढ्या मोठ्या गोतावळ्यात दोन-तीन जण एकटे पडलेले, हे मात्र अगदी घरोघरी असतं तसंच.) वेल आणखी मागे नेला तर लॅटिनचा 'ऊनुस' भेटतो आणि त्याच मुळाला वेगळा प्रत्यय लागून झालेला आपला 'एक'सुद्धा. म्हणजे ॲनन आपल्या नात्यातला निघाला. पुढे तो असा का वागला, याचं मग मला नवल वाटेना.

शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात ईस्टचीपच्या दारूच्या गुत्त्यात फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्र हॅल त्याला गप्पांत अडकवतो आणि ठरल्याप्रमाणे पलीकडच्या खोलीतून पॉइन्स हाका मारत राहतो. प्रत्येक हाकेला फ्रान्सिस 'ॲनन, ॲनन' ओरडतो आणि जागचा हलत नाही. राजपुत्र चिमूटभर साखरेचे हजार पौंड देऊ करतो, तरी पोराच्या तोंडी ॲननच! अशा किती पोऱ्यांनी मिळून या शब्दाला 'लगेच'वरून 'येतो हो थोड्या वेळात'वर आणून ठेवलं असेल.

बरं, बिघडलेला हा एकटाच नाही. 'सून', 'प्रेझेंटली', 'बाय अँड बाय' हे सगळे एके काळी 'तत्क्षणी' होते. १६११च्या बायबलमध्ये हेरोदियाची मुलगी योहानाचं शिर 'बाय अँड बाय' मागते. आजच्या इंग्रजीत वाचलं तर वाटेल, पोरगी समजूतदार आहे, सवडीने द्या म्हणते!

कवितेखाली सही करणारा 'ॲनन' वेगळा. तो 'अनॉनिमस'चा तुटलेला तुकडा, मुळात ग्रीक. या घराशी त्याचा संबंध नाही.

हल्ली माझा डोळा 'इमीजिएटली'वर आहे. लॅटिन मुळाप्रमाणे त्याच्या मध्ये काहीही येता कामा नये. आमच्या लिफ्टच्या तक्रारीला उत्तर आलं, त्यात तो दोनदा आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात बसून ते पत्र वाचत होत्या.