सुरुंगयात्री

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या पार्किंगमध्ये याची गाडी चटकन ओळखू येते. इतरांच्या डिकीत घडीच्या खुर्च्या आणि कोळसा. याच्या डिकीत मोजपट्टी, होकायंत्र आणि चिखलाचे बूट. गृहस्थ जिओकॅशिंग करतात.

मे 2000 मध्ये अमेरिकी सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगेच ऑरेगनमध्ये एकाने बादलीत पुस्तकं, पैसे, बीन्सचा डबा वगैरे भरून ती रानात अर्धवट पुरली आणि अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून जगभर धडधाकट माणसं झुडपांत हात घालून डबे शोधताहेत. आमचा माणूस मात्र डब्यांच्या पुढे गेलाय. तो अर्थकॅश करतो. तिथे डबाच नसतो. दोनशे मैल गाडी हाकायची, दगड बघायचा आणि दगडावरच्या प्रश्नांची उत्तरं कॅशच्या मालकाला पाठवायची. स्वतःचं पेट्रोल जाळून गृहपाठ आणणारा हा एकमेव मराठी प्रौढ.

त्यातही याचा जीव जडलाय सुरुंगांच्या खुणांवर. रस्त्यासाठी डोंगर कापताना कडेच्या रेषेवर जवळजवळ भोकं पाडतात, त्यांत बेताचीच दारू भरतात आणि मुख्य सुरुंगांच्या आधी ती उडवतात. भोकाभोकांतून सरळ चीर जाते, मागचा खडक शाबूत राहतो आणि भिंतीवर अर्धी भोकं उरतात, उभ्या पन्हळींसारखी. आपण ताशी सत्तर मैलांनी त्यांच्या शेजारून जातो आणि ‘काय सुंदर डोंगर’ म्हणतो. याला डोंगर दिसतच नाही. भोकं दिसतात.

भारतातून सासू-सासरे आले की नायगारा ओघाने येतोच. हा उत्साहाने निघतो, पण पेनसिल्व्हेनियात मोठा रस्ता सोडून भलत्याच फाट्याला वळतो, कारण हमरस्त्यावर थांबायला बंदी. बायको खिडकीबाहेर बघत म्हणते, “आला याचा दगड.” सासूबाई मुकाट्याने चिवड्याचा डबा उघडतात.

सासरे मात्र सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. उन्हातान्हात लाल झेंडे लावून घाटात सुरुंग उडवलेले. ते आधी गाडीतून उतरतच नाहीत. मग काच खाली करतात. मग उतरतात, भिंतीवरून हात फिरवतात आणि निकाल देतात, “जावईबापू, इथे दारू जास्त झालीय. बघा, भोकाचा मागमूस नाही.”

आता दोघं मिळून मोजतात. किती फूट भोक पाडलं असेल, त्यातलं किती फूट अजून दिसतं, त्याची टक्केवारी काढतात. ब्लास्टिंगवाले कामाची प्रत खरंच अशीच ठरवतात. जावई सत्तर म्हणतो, सासरे साठावर सही करायला तयार नाहीत. खात्यात असताना त्यांनी बिलं पास करताना इतकी घासाघीस केली असती, तर कोकणातले काही रस्ते आज वेगळे असते. असो.

बफेलोला पोचेपर्यंत अंधार पडतो. जेवताना जावई सांगतो, की कडेची भोकं आधी उडवायची ही पद्धत पहिल्यांदा नीट घडली ती इथल्याच वीजप्रकल्पाच्या खोदकामात, 1950च्या दशकाच्या अखेरीस.

“इथे? कुठे?” सासऱ्यांचा घास हातातच.

“लुइस्टनला. धबधब्यापासून जवळच.”

“उद्या धबधबा आहे,” सासूबाई बजावतात.

“आहेच की,” सासरे म्हणतात. “तो काय, रात्री दिवे लावूनसुद्धा दाखवतात.”