किस्तकाका

आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत महिन्याची पाच तारीख कॅलेंडर न पाहता कळते. त्या दिवशी सकाळपासून किस्तकाकांचा फोन बंद असतो आणि माझा वाजत असतो. कारण प्रत्येक फॉर्मवर 'ओळखीची व्यक्ती' म्हणून त्यांनी माझा नंबर दिलेला आहे. "सर, आपले शेजारी घरी आहेत का?" पलीकडची मुलगी इतक्या मायेनं विचारते, की काका आजारी आहेत की काय असं वाटावं. काका तेव्हा गच्चीवर कूलरच्या खसवर पाणी मारत असतात.

त्यांचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे आणि फायनान्सवाल्यांच्या फाइलीत आहे. गल्लीला त्याची गरज पडत नाही. बाकीचा महाराष्ट्र 'हप्ता' म्हणतो. त्या शब्दाला वसुलीचा वास येतो. आम्ही नागपूरकर 'किस्त' म्हणतो. काका तर हा शब्द तोंडात खर्रा घोळवावा तसा घोळवतात.

पाहुण्याला घर दाखवायचीही त्यांची रीत आहे. "फ्रिजले सातवा चालू आहे, टीव्हीले तिसरा." एकदा गावाहून आलेल्या मावशींनी 'सातवा' एवढंच ऐकलं आणि ओटीसाठी पिशवीतला नारळ काढला.

काकांचं सगळं अर्थशास्त्र एका वाक्याचं: "रोखीनं घेतलं त पैसा मरते जी, किस्तीनं घेतलं त पैसा फिरते." कोणाच्या खिशात फिरतो, हे मात्र मी विचारायचं नाही.

फ्रिज घ्यायला सीताबर्डीला जाताना त्यांनी मला साक्षीला नेलं होतं. किंमत 30 हजार. रोख दिले तर 28 हजार.

"झिरो टक्के आहे नं?" काकांनी विचारलं.

"एकदम झिरो, काका. फक्त फाइलचे सहाशे."

मी काकांना बाजूला घेतलं. "28 हजारांची वस्तू तुम्हाला 30,600 ला पडते आहे. मग हे 2,600 काय?"

"व्याज नाही नं जी ते! सहाशे फाइलचे. अन् दोन हजार... ते त आपण सूटच घेतली नाही."

बिनव्याजी म्हणून जे विकतात त्याचं व्याज असं सोडलेल्या सुटीत आणि फाइलीत लपलेलं असतं. 17 सप्टेंबर 2013 ला तर रिझर्व्ह बँकेनंच बँकांना बजावलं, की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. मी हे सांगितल्यावर काका शांतपणे म्हणाले, "पण रिझर्व्ह बँकेत फ्रिज भेटते का?"

टीव्हीच्या वेळी मी कागदच घेऊन बसलो. कर्ज 24 हजार, सपाट व्याज 12 टक्के, बारा किस्ती. व्याज 2,880, म्हणजे किस्त 2,240. हिशेब सरळ दिसतो. पण दर महिन्याला मुद्दलातले दोन हजार परत जातात. वर्षभराची सरासरी काढली, तर काकांच्या हाती 13 हजारच राहतात. व्याज मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पुऱ्या 24 हजारांवर. म्हणजे खरा दर 22 टक्क्यांच्या घरात गेला. काकांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "त्यानं बारा सांगितले, तुम्ही बावीस सांगून राहिले. म्हणूनच तुमच्यापासून कोणी काही घेत नाही."

कूलर नवतप्यात आला. मे संपत आलेला, पारा 45 च्या वर. अशा वेळी नागपूरकराला कशावरही सही करायला लावता येते. पण त्याची शेवटची किस्त पडली डिसेंबरात. कानटोपी घालून, शेकोटीशेजारी बसून कूलरचे पैसे भरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "1953 च्या नागपूर करारानं आपल्याले सरकार तरी कसं भेटलं? थंडीत, वर्षाची एक किस्त!"

खरी शोकांतिका वॉशिंग मशीनची. वॉरंटी बारा महिन्यांची, किस्ती अठरा. चौदाव्यात मोटार जळाली. वस्तूचं तेरावं उरकलं तरी चार किस्ती बाकी. त्यात एकदा खात्यात चाळीस रुपये कमी पडले, तर बँकेनं दंड कापला आणि फायनान्सवाल्यानं वेगळा लावला. काकू आता मशीनवर बादली ठेवून हातानं धुणं धुतात आणि प्रत्येक आपटीला कोणाचं तरी नाव घेतात. वस्तू चालते तोवर काकांची नसते आणि काकांची होते तेव्हा चालत नाही.

हा रोग खानदानी आहे. काकांच्या वडिलांनी पंखा भाडेखरेदीवर घेतला होता. त्या व्यवहारात शेवटचा पैसा फिटेपर्यंत वस्तू दुकानदाराची, आपण भाडेकरू. ते आयुष्यभर स्वतःच्या घरात, भाड्याच्या वाऱ्यात झोपले. अशा लोकांसाठी संसदेनं 1972 मध्ये भाडेखरेदीचा कायदा केला. तो कधी लागूच झाला नाही. 2005 मध्ये रद्दच करून टाकला. मी हे सांगितलं तेव्हा काकांना प्रथमच कायद्याबद्दल जिव्हाळा वाटला. "म्हणजे कागद झाले, डिलिव्हरी झालीच नाही! आपल्यासारखंच आहे बिचाऱ्याचं."

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीसाठी गल्लीतल्या पोरांनी बडग्याचा पुतळा केला: पोटावर कॅल्क्युलेटर, गळ्यात किस्तींच्या पावत्यांची माळ. मला वाटलं, काका रागावतील. पण काका सगळ्यांत पुढे होते. खड्या आवाजात ओरडत होते, "किस्ती-दंड घेऊन जा गे मारबत!" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही काकांच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात बडग्या वळला आणि त्याची पाठ दिसली. पोरांनी तो ज्या खोक्याचा केला होता, त्यावर दीड टनाच्या एसीचं चित्र होतं. खोकं कोरं करकरीत.

"ऑफ-सीझन स्कीम होती जी," काका हळूच म्हणाले. "नंबर तुमचाच दिला आहे."