पोस्टर फुटावर, सर तासावर

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या राणीसावरगावात नवरात्र आलं की रेणुकामातेच्या आधी फ्लेक्सचं दर्शन घडतं. वर देवी, तिच्याहून मोठे साहेब आणि खाली शुभेच्छुकांची रांग, काळा गॉगल लावून. बोटभर जागा कोरी दिसली की गिऱ्हाईक हटकतं, ‘इथं आमचा भाचा बसतो की!’ त्याचं काय चुकलं? फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर. मोजून घेतलेली जागा रिकामी कोण सोडेल?

हाच भाचा पुढं विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकायला जातो. पहिल्याच तासाला सर सांगतात, कोरी जागा हाच डिझाइनचा प्राण. सर स्वतः तासिका तत्त्वावरचे. समोर चाळीस पोरं, म्हणजे एकेकाच्या पोस्टरला दीड मिनिट. तेवढ्यात वेलांटी शिरोरेषेला कुठं टेकते, जोडाक्षराचा पाय खालच्या ओळीतल्या मात्रेत का अडकतो, हे दाखवायचं. पोरगं मान डोलावतं आणि विचारतं, ‘सर, नाव अजून मोठं करू का?’

सर सकाळीच कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची पाचवी दुरुस्ती उरकून आलेले. धंद्यातला ताजा अनुभव पाहिजे म्हणूनच तर त्यांना बोलावलंय. अनुभव पाहिजे, माणूस नको. दिवाळीची सुट्टी लागली की मानधनालाही सुट्टी. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2019 साली पाहुण्या प्राध्यापकाला तासाला 1500 रुपये ठरवले, महिन्याला फार तर 50,000. म्हणजे 33 तास भरले की विद्या संपली! 2022 साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ आले. पीएचडीची अट नाही, पण 15 वर्षांचा अनुभव हवा, तोही शक्यतो वरिष्ठ पदावरचा. आमच्या फ्लेक्सवाल्यानं वरिष्ठ पद कुठून आणावं? दुकानात खुर्चीच एक आहे, आणि तिच्यावर गिऱ्हाईक बसलेलं असतं.

कार्यालयांची परिपत्रकं ज्या ‘मंगल’ अक्षरात निघतात, तासिकांची बिलं परत पाठवणारीसुद्धा, ते अक्षर र. कृ. जोशींनी घडवलं. हा माणूस जाहिरातीच्या धंद्यातून आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये आला आणि 1983 ते 1996 तिथं शिकवत राहिला. तेरा वर्षं! आजच्या सरांची नेमणूक परीक्षेपर्यंत पुरली तरी पेढे वाटतात.

तेव्हा कुलगुरूसाहेब, एक करा. पूर्णवेळ पदाची जाहिरात काढा. फ्लेक्स आमच्या गावातून करून देतो, फोटो तुमचाच मोठा टाकू.