हवाई दलाची दफ्तरदारी : होतकरू सेनापतींस सूचना

ज्या सद्गृहस्थांस घरबसल्या, कोणाच्याही केसास धक्का न लावता, सबंध पॅसिफिक महासागरावर आधिपत्य गाजविण्याची उत्कंठा लागून राहिली आहे, आणि त्या उत्कंठेपायी ज्यांनी गॅरी ग्रिग्सबी यांच्या परंपरेतला, २००९ साली बाजारात आलेला ‘वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन’ हा संगणकावरील युद्धखेळ विकत घेण्याचे धाडस केले आहे, त्यांच्या हितार्थ पुढील कलमे लिहिली आहेत. आरंभी एक साधा हिशेब ध्यानात घ्यावा. मोठ्या मोहिमेत रोजची एक चाल म्हणजे युद्धाचा एक दिवस. ७ डिसेंबर १९४१ पासून १५ ऑगस्ट १९४५ पर्यंत, दोन्ही दिवस धरून, दिवस भरतात १,३४८. आणि प्रतिस्पर्धी दूरगावी राहून ईमेलने चाल धाडणारा असला व उभयतांनी एकही दिवस खाडा केला नाही, तरी हे युद्ध खऱ्या युद्धाइतकेच, म्हणजे तीन वर्षे आठ महिने चालणार. सबब, संसारी माणसाने घरातल्या मुंजी, लग्ने व मुलांच्या परीक्षा यांच्या तारखा आधी पाहून घ्याव्यात आणि मगच पर्ल हार्बरवर हल्ला करावा.

कलम पहिले : पदाविषयी. आपण सरसेनापती आहोत हा भ्रम पहिल्या दिवशीच टाकून द्यावा. हवाई दलाच्या प्रत्येक पथकाच्या बाबतीत किती टक्के विमाने गस्तीवर, किती टेहळणीस, किती विश्रांतीस, उड्डाण किती उंचीवरून, पल्ला नकाशावरील किती षटकोनांचा आणि बॉम्ब कोणत्या तळावर टाकावयाचे, याचा हुकूम आपणच द्यावयाचा असतो. आणि अशी पथके शेकड्यांनी असतात. ज्याने एखाद्या जिल्हा कचेरीत हजेरीपट, रजेचे अर्ज आणि बदल्यांची यादी एकाच टेबलावर सांभाळली आहे, तो गृहस्थ या खेळात शूर वीरापेक्षा केव्हाही पुढे राहील.

कलम दुसरे : अंतराविषयी. नकाशावरील एक षटकोन म्हणजे चाळीस सागरी मैल. राबाऊलच्या जपानी तळापासून ग्वादालकनाल बेटापर्यंतचे अंतर चौदा षटकोनांचे. नवशिका सेनापती झीरो या जपानी लढाऊ विमानाचा पल्ला पाहतो, तो तेथवर पोचतो हे पाहून संतोष पावतो आणि पथकास रोज धाडत सुटतो. त्याने झीरोचा वैमानिक सबुरो साकाई याचे स्मरण ठेवावे. ७ ऑगस्ट १९४२ रोजी ग्वादालकनालवर डोक्यास गोळी लागून, एका डोळ्याची दृष्टी गमावून, हा वैमानिक सुमारे पावणेपाच तास एकट्याने विमान हाकीत राबाऊलला परतला. खेळात या साऱ्या यातनेची नोंद ‘थकवा’ या रकान्यातील एका आकड्याने होते. आणि तो आकडा वाढत असता ज्याचे लक्ष नसते, त्याची विमाने शत्रूची गोळी न लागताच समुद्रात पडू लागतात. पल्ला हा विमानाचा गुण आहे, तो रोज वापरण्याचा परवाना नव्हे.

कलम तिसरे : तळाविषयी. विमाने आकाशात लढत असली तरी हरतात जमिनीवर. धावपट्टीच्या पातळीनुसार विमानांच्या संख्येस मर्यादा असते. तिच्यापलीकडे गर्दी केली की कामाचा बोजवारा उडतो. शिवाय देखभाल करणारी माणसे विमानांच्या बरोबरीने हवीत, इंधन-दाणागोटा हवा. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेले विमान म्हणजे लढाईत उतरलेले विमान अशी समजूत असणाऱ्यांनी हे जाणून असावे की, खुद्द झीरोचा पहिला नमुना १९३९ साली नागोयाच्या कारखान्यातून कागामिगाहाराच्या विमानतळावर नेला गेला तो बैलगाडीवर लादून. त्या काळचे एक वेगवान लढाऊ विमान बैलांच्या चालीने मार्गक्रमण करीत होते, ही गोष्ट रसदखात्याच्या प्रत्येक कारकुनाने टेबलावर लिहून ठेवावी.

कलम चौथे : वैमानिकांविषयी. मुरलेला वैमानिक आघाडीवर ठेवण्याचा मोह आवरावा. जपानने आपले कसलेले वैमानिक ते मरेपर्यंत लढविले. अमेरिकेने आपल्या अनुभवी वैमानिकांस वेळीच मागे बोलावून नव्या मुलांना शिकविण्यास बसविले. आणि जून १९४४ मध्ये फिलिपीन समुद्रावर जपानची शेकडो विमाने दोन दिवसांत नष्ट झाली तेव्हा या दोन धोरणांचा ताळेबंद जगासमोर आला. म्हणून आपला सर्वोत्तम योद्धा ऐन विजयाच्या घटकेला मास्तरकीवर पाठवावा. त्या दिवशी मन फार खट्टू होते. दोन वर्षांनी उलगडा होतो, परंतु तोवर पुष्कळसे खेळाडू खेळ सोडून गेलेले असतात.

कलम पाचवे : अहवालाविषयी. चाल संपताच जो रणवृत्तान्त पडद्यावर येतो, त्यावर कोर्टातल्या साक्षीइतकाच विश्वास ठेवावा. ऑक्टोबर १९४४ मध्ये तैवानजवळच्या हवाई लढाईनंतर जपानी वैमानिकांच्या भरवशावर अमेरिकेची अकरा विमानवाहू जहाजे बुडाल्याचे तोक्योतून जाहीर झाले. प्रत्यक्षात एकही बुडाले नव्हते, दोन क्रूझर मात्र जबर जायबंदी झाल्या होत्या. शत्रूचे जे जहाज आपण तीनदा बुडविले आहे, ते चौथ्यांदा समोर आल्यास आश्चर्य दर्शवू नये.

कलम सहावे : साधने तयार करण्याविषयी. येथवर येताच बुद्धिमान वाचकाच्या मनात विचार येईल की, हे दफ्तर माणसाने का सांभाळावे, संगणकानेच का सांभाळू नये? हा विचार पूर्वीच अनेकांस सुचला असून, खेळाडूंनी सेव्ह फाईल वाचून सारा जमाखर्च तक्त्यांत मांडणारी साधने स्वखुशीने, विनावेतन लिहिली आहेत. आपणही लिहावे; परंतु काही पथ्ये पाळावीत. पहिले, साधनाने केवळ आपल्याच बाजूची माहिती दाखवावी. शत्रूच्या पेटीत डोकावणारे साधन हे साधन नसून चोरकिल्ली होय. दुसरे, ‘सर्व पथके’ ही यादी कधीही पहिल्या पानावर ठेवू नये. काल आणि आज यांत काय बदलले एवढेच दाखवावे. ज्या पथकाचा थकवा वाढला, ज्यास अधिकारी नाही, ज्या तळावर विमाने अधिक व माणसे कमी, आणि जे पथक शत्रू दारात आला तरी आपल्या हुकुमाबरहुकूम अद्याप सराव करीत आहे, अशांची पंधरा ओळींची यादी ही सहस्र ओळींच्या तक्त्याहून मोलाची. कारण सहस्र ओळी वाचण्याचे श्रम वाचविण्यासाठीच तर साधन लिहावयास घेतले होते. तिसरे, प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या चालीचा हे नमूद करावे. शिळ्या आकड्याने जितकी जहाजे बुडाली तितकी पाणबुड्यांनीही बुडविली नसतील.

कलम सातवे : साधनाच्या व्यसनाविषयी. अनुभवी लोक सांगतात की रोगाची लक्षणे स्पष्ट असतात. प्रथम मनुष्य एक्सेलमध्ये वैमानिकांची यादी उतरवितो. मग तिला रंग देतो. मग डेटाबेस उभारतो. मग आलेख काढतो. आणि अखेरीस साधनातील दोष नोंदविण्यासाठी दुसरे साधन लिहावयास बसतो. तिकडे प्रतिस्पर्ध्याची मेल तीन आठवडे पडून असते, आणि सिंगापूर आपल्या जागी वाट पाहत राहते. अशा वेळी हे स्मरावे की, कोणत्याही तक्त्यात सर्व रकाने भरता येतात, परंतु ‘उद्या पथक पाठवावे की न पाठवावे’ हा रकाना रिकामाच राहतो. तेथे सही आपल्यालाच करावी लागते, आणि जहाजे बुडाल्यावर खुलासाही आपल्याकडूनच मागितला जातो. सबब, साधनाची सुधारलेली आवृत्ती रविवारी काढावी, चाल मात्र आज रात्री पाठवून द्यावी.