कट्ट्यावरची गोळी

आरे कॉलनीत सकाळी फिरायला येणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत: स्टेंटवाले आणि बिनस्टेंटवाले. फेरी संपली की कट्ट्यावर बोलायचा पहिला मान स्टेंटवाल्यांचा. आमच्या नानांचे दोन स्टेंट, म्हणून ते अध्यक्ष. मी एकसष्टीचे पेढे वाटले, त्या दिवशी त्यांनी खिशातून अ‍ॅस्पिरिनची पट्टी काढली. "पंचाहत्तरची बारीक गोळी. जेवण झालं की टाकायची. रक्त पातळ राहतं."

हे पाणीवाल्या बाईंचं, मृणालताई गोऱ्यांचं गोरेगाव. पाइप तुंबला की काय होतं, हे इथल्या जुन्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मला लगेच पटलं.

दोन महिने घेतली. बटाटेवडासुद्धा निर्धास्त खात होतो, गोळी आहे ना! मग एका सकाळी दाढी करताना हनुवटीला जरासं कापलं. तुरटी फिरवली, कापूस दाबला, पेपरचा कपटा चिकटवला. कपटा लाल होऊन गळून पडला तरी रक्त आपलं चालूच. "आधी पातळ करा, मग धरायला धावा," असं म्हणत हिने मला डॉक्टरांकडे पिटाळलं.

"अटॅक येऊन गेलाय? स्टेंट? पक्षाघात?" तिन्हींना 'नाही' म्हणताना मला उगाचच नापास झाल्यासारखं वाटलं.

"मग लिहून कोणी दिली?"

"कट्ट्याने."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "नानांना ती हवीच. त्यांनी मनाने बंद करायची नाही, तुम्ही मनाने सुरू करायची नाही." या गोळीने प्लेटलेट एकमेकींना चिकटेनाशा होतात. त्यामुळे हृदयाच्या नळीत गुठळी धरायची टळते. पण पोटात कुठे रक्त झिरपत असेल, तर तेही लवकर थांबत नाही.

घरी येऊन वाचत बसलो. कॅलिफोर्नियातले डॉ. लॉरेन्स क्रेव्हन 1950च्या सुमारास धडधाकट माणसांना अ‍ॅस्पिरिन द्यायचे. ते स्वतः 1957मध्ये हृदयविकारानेच गेले. पुढे अमेरिकेतल्या 22,071 डॉक्टरांनी स्वतःवरच चाचणी करून घेतली. 1988मध्ये निकाल आला: हृदयविकाराचे झटके 40 टक्क्यांहून जास्त घटले. नानांच्या पिढीच्या कानावर पडलं ते एवढंच. 2018 साली ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या 19,114 ज्येष्ठांच्या चाचणीत मात्र हृदयाला म्हणावा तसा फायदा दिसला नाही, रक्तस्राव तेवढा वाढला. तेव्हा 2022मध्ये अमेरिकन तज्ज्ञांनी सांगून टाकलं, निव्वळ खबरदारी म्हणून साठीनंतर ती सुरू करू नका. चाळीस ते साठमधल्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. म्हणजे माझी गाडी थोडक्यात चुकली होती.

डॉक्टरांनी माझ्यासाठी लिहून दिलं ते फारच बेचव: बीपी तपासा, मीठ कमी, वडा बंद. त्यापेक्षा गोळी गिळणं सोपं होतं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी हे सगळं कट्ट्यावर सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं, पट्टी खिशात ठेवली आणि दुसऱ्या खिशातून कागदाची पुडी काढली.

"मग मेथीदाणे तरी घ्या. रात्री भिजत घालायचे."