शेरेबहाद्दर

आमच्या जिल्ह्यातल्या पतसंस्था, दूध संस्था आणि विकास सोसायट्यांना एकेकाळी दोनच गोष्टींची धास्ती असे: कृष्णेचा पूर आणि अण्णांचं ऑडिट. पूर निदान सांगून येई. अण्णा रेक्झिनची बॅग काखेत मारून दहाच्या ठोक्याला दारात हजर होत आणि चहा यायच्या आत विचारत, 'हातावरची शिल्लक मोजू या?' सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून ते निवृत्त झाले, पण हिरव्या शाईचं पेन खिशातून निवृत्त झालं नाही. लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन, हॉटेलचं बिल, शेजाऱ्यानं वाकडी लावलेली स्कूटर, अण्णांच्या शेऱ्यातून काही सुटत नाही.

शेरेबहाद्दर ही जात प्रत्येक सोसायटीत एखाद्या नगानं तरी नांदत असते. नुसता टीका करणारा वेगळा. तो बोलतो आणि विसरतो. शेरेबहाद्दर दोष काढतो, त्याला अनुक्रमांक देतो, खाली तारीख घालतो आणि पूर्ततेची वाट बघत बसतो. सहकार कायद्याच्या कलम 81 नं तपासायचा हक्क दिलाय आणि 82 नं समोरच्यावर दुरुस्तीची जबाबदारी टाकलीय, इतकी सरळ त्याची जगाची मांडणी. अण्णा हयातभर 81 मध्ये राहिले. 82 ची पायरी त्यांना चढायला लावली ती एका छोट्या गाडीनं.

बंगळुरूच्या मुलीनं फोनवर हट्ट धरला, 'बाबा, आता एडासवाली घ्या.' एडास म्हणजे चालकाला हात देणारी यंत्रणा. 2021 मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 बरोबर तिचा बराच गाजावाजा झाला, पण ती गाडी अण्णांच्या पार्किंगमध्ये मावत नव्हती आणि पेन्शनीतही. मग सप्टेंबर 2023 मध्ये ह्युंदाईच्या व्हेन्यूत, पुढच्या वर्षी किआच्या सॉनेटमध्ये, महिंद्राच्या थ्री एक्सओत आणि वर्ष सरता सरता होंडाच्या अमेझमध्ये ती आली. चार मीटरच्या आतल्या गाड्या! अण्णांनी सगळ्यांची माहितीपत्रकं जमवून आडव्या कागदावर तुलनात्मक तक्ता काढला. त्यांनी कोणती गाडी घेतली, की या यादीबाहेरची घेतली, ते सांगत नाही, कारण पुढं तिच्याविषयी बरंच बोलायचं आहे.

शोरूममधल्या पोरानं उत्साहानं सगळं दाखवलं. आरशामागं काचेला कॅमेरा, बंपरात रडार. रस्त्यावरचा पट्टा सोडलात की गाडी ओरडते, मग स्टिअरिंग हळूच वळवून आत आणते. पुढच्या गाडीशी अंतर राखून चालते. धडक होणार असं वाटलं तर स्वतः ब्रेक मारते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न टाकला, 'आणि धडक झालीच, तर सही कुणाची?' पोरगं गडबडलं. उत्तर शेवटी अण्णांनीच शोधून काढलं. या प्रकाराच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत आणि ही गाडी दुसरीवर. तिथं स्टिअरिंग आणि वेग दोन्ही गाडी सांभाळू शकते, जबाबदारी मात्र सगळी चालकाची. अण्णा खूश झाले. 'म्हणजे काम क्लार्कचं, सही मॅनेजरची. चालू पद्धत आहे.'

सुरुवातीचे दिवस फार गोडीगुलाबीचे गेले, कारण गाडी जे ओरडते ते दुसऱ्यांना उद्देशून, असाच अण्णांचा समज होता. राममंदिर चौकात एखादा मोटरसायकलवाला आडवा घुसला, समोर लाल अक्षरं चमकली, की अण्णा आम्हाला म्हणायचे, 'बघा, यंत्राला कळतं, माणसाला कळत नाही.' 80 च्या वर गेलं की मिनिटाला एकदा आणि 120 च्या वर न थांबता वाजणारी घंटी 1 जुलै 2019 पासून प्रत्येक नव्या कारला सक्तीची आहे, हे पाठ असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. शेजारच्या सीटवर गुळाची ढेप ठेवली आणि गाडी बेल्टसाठी वाजू लागली, तर ढेप मागं ठेवायचं सोडून अण्णांनी तिला बेल्ट लावला. दसऱ्याला काकूंनी पुढं झेंडूचा भरगच्च हार घातला आणि रडार झाकलं गेल्याचा संदेश आला, तेव्हा मात्र पेच पडला. बरीच चर्चा होऊन हार मागच्या वायपरला गेला. 'देव सगळीकडे असतो, रडार एकाच ठिकाणी असतं,' हा त्यावरचा अण्णांचा निर्णय.

खरं सांगायचं तर दोघांचं गोत्र एकच. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर श्रद्धा असणारे अख्ख्या सांगलीत हे दोघंच. गाडीची श्रद्धा ताशी साठ-पासष्टच्या पुढं जागी होते, अण्णांची चोवीस तास जागी असते. बाकी जनता पट्टा हा रस्ता सुशोभीकरणाचा भाग समजते.

पहिली ठिणगी पडली ती महामार्गावर. कागल-सातारा सहापदरीकरणाच्या कामात रस्ता जागोजागी वळवलेला. नवी वाट डावीकडं जाते, जुना पट्टा अर्धवट खरवडलेला तसाच सरळ. अण्णा डावीकडं वळवायला गेले, गाडीनं स्टिअरिंग हळूच उजवीकडं ओढलं. ती ओढ काही फार नसते. मनगटाला जाणवेल एवढीच, आणि जोर लावला की सुटते. पण अण्णांच्या हाताला उभ्या आयुष्यात कुणी हात लावला नव्हता. 'अगं, ते परिपत्रक रद्द झालंय!' ते डॅशबोर्डवर ओरडले.

मग अंतर राखण्याचा प्रयोग झाला. गाडीनं पुढच्या ट्रकशी नियमाप्रमाणं जागा सोडली. आपल्याकडं रस्त्यात सोडलेली जागा म्हणजे भरायची राहिलेली जागा. एक टेम्पो घुसला. गाडीनं वेग कमी करून त्याच्याशी पुन्हा अंतर राखलं, त्यात जीप घुसली. जीपच्या मागं एसटी. कराडला पोचेपर्यंत निम्मा जिल्हा अण्णांच्या पुढं गेला होता. 'आपण मागं चाललोय का हो?' काकूंनी विचारलं. 'नियमानं चाललोय,' अण्णा म्हणाले. दोघांचंही बरोबर होतं.

खरा घाव पुढंच बसला. सरळ रस्ता, अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि समोर अक्षरं उमटली: स्टिअरिंग धरा. अण्णांनी हातांकडं पाहिलं. हात होते. परत अक्षरं, वर घंटी. बऱ्याच गाड्यांमध्ये हात आहेत की नाहीत हे चाकाला बसणाऱ्या हलक्या पिळावरून ओळखतात. सरळ रस्त्यावर ज्याचा हात स्थिर, त्याचा पिळ पडत नाही, आणि गाडीच्या लेखी त्याचा हातच नसतो. म्हणजे जो नीट चालवतो तोच गैरहजर! 'धरलंय की गं!' अण्णांच्या आवाजात मी त्या दिवशी पहिल्यांदा सोसायटीच्या सेक्रेटरीचा सूर ऐकला. व्हाउचर फाइलला लावलेलं असताना 'व्हाउचर नाही' असा शेरा वाचणाऱ्या सेक्रेटरीचा.

वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअर पोरानं तोड सुचवली. स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवायची, वजनानं पिळ बसतो, गाडी गप्प. अण्णांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो लिफ्टची वाट न बघता जिन्यानं गेला. 'बोगस व्हाउचर,' ते पुटपुटले. 'माझ्या गाडीत?'

तेव्हापासून अण्णांनी वही घातली. उभे रकाने: दिनांक, ठिकाण, गाडीचा आक्षेप, चालकाचा खुलासा, निकाल. ती मी पाहिली आहे. 'पट्टा सोडला. खुलासा: खड्डा होता, यंत्रास दिसला नाही. निकाल: आक्षेप वगळावा.' 'कॉफीच्या कपाचं चित्र दाखवून विश्रांती सुचवली. खुलासा: चहा घेतला. निकाल: अंशतः पूर्तता.' आणि मध्येच एक नोंद, अक्षर जरा हललेलं: 'कोल्हापूर रोड. उलट्या दिशेनं सायकलवर शाळकरी मुलगा. पाय ब्रेकवर जाण्याआधी गाडी थांबली. खुलासा: नाही. निकाल: आक्षेप मान्य.' 'खुलासा: नाही' हे शब्द अण्णांच्या हातून याआधी उतरले असतील असं मला वाटत नाही.

काकूंचा या सगळ्याकडं बघण्याचा दृष्टिकोन वेगळा. अण्णांनी त्यांना एकदा वेग आपोआप राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलचा इतिहास सांगितला. शोध लावणारे राल्फ टीटर हे अमेरिकन इंजिनिअर लहानपणापासून अंध होते. त्यांचा वकील गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी-जास्त व्हायचा आणि शेजारी बसलेल्या टीटरांना हिसके बसायचे, त्यातून ही कल्पना सुचली असं सांगतात. 1950 मध्ये पेटंट मिळालं, 1958 च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ते गाडीवर चढलं. काकूंनी शेंगा सोलता सोलता सगळं ऐकलं आणि विचारलं, 'म्हणजे शोध शेजारी बसणाऱ्यानं लावला?' अण्णांनी विषय बदलला.

तो विषय पेठ नाक्याच्या अलीकडं परत आला. ऊस तोडीचा हंगाम, रात्रीची वेळ. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर उसात बुडालेला, आणि वाढ्यांचे शेंडे ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबलेले. समोरून येणाऱ्याच्या प्रखर झोतानं डोळे दिपलेले. 'अहो, ट्रॉली!' काकू ओरडल्या. अण्णांचा पाय दाबला गेला. त्यानंतर गाडी वाजली. वाढ्यांचे शेंडे बॉनेटला लागून सळसळले, तेवढ्यावर निभावलं. अंधारात, वेगळ्याच आकाराचं वाहन कॅमेऱ्याला ओळखू येईलच असं नाही, हे मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. काकूंनी मॅन्युअल वाचलेलं नाही. त्यांनी ट्रॉल्या पाहिलेल्या आहेत. त्या रात्रीची नोंद अशी: 'आक्षेप क्र. 1, सौ. यांचा. आक्षेप क्र. 2, गाडीचा. दोन्ही मान्य. क्रम लक्षात घ्यावा.'

सर्व्हिसिंगला अण्णा वही घेऊनच गेले. मीही बरोबर होतो. काउंटरवरच्या मुलानं चार पानं उलटली आणि कळवळून म्हणाला, 'काका, एवढा त्रास होतोय तर सेन्सिटिव्हिटी कमी करून देतो की. नाहीतर बंदच करून टाकू. सगळे तेच करतात, पट्ट्याचं बटण पहिलं दाबतात.'

अण्णांनी चष्मा काढला. 'ऑडिटरला सेन्सिटिव्हिटी कमी करा म्हणणारे चेअरमन मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या संस्थांचं पुढं काय झालं, ठेवीदारांना विचार.'

मुलगा गोंधळला. 'मग तक्रार काय लिहू?'

'तक्रार नाही. दोष दुरुस्ती अहवाल आहे. काचेवरचा कॅमेरा तपासून, पुसून द्यायचा. बाकी दोष चालकाचे आहेत, ते चालक बघून घेईल.'

निघताना मुलानं कंपनीचा अभिप्रायाचा फॉर्म पुढं केला. पाच चांदण्या. अण्णांनी चांदण्यांकडं दुर्लक्ष केलं, हिरवं पेन काढलं आणि मोकळ्या जागेत लिहिलं: ऑडिट वर्ग 'ब'.

'अहो काका, ब का? चांगली आहे म्हणताय ना?'

'चांगलीच आहे. म्हणून तर ब,' अण्णा म्हणाले. 'अ वर्ग मिळाला की संचालक मंडळ झोपतं.'