तूर्तास नको, म्हाराजा!

आमच्या मालवण तालुक्यात मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. आचऱ्याची गावपळणच घ्या. तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट वेशीबाहेर पडतो आणि तीन रात्री राहुट्यांत काढतो. परतायचं तर पुन्हा कौल. देव ‘अजून नको’ म्हणाला की मुक्काम वाढला. कुणी कुरकुरत नाही. उलट राहुटीत मासे दोन घास जास्तच जातात.

अशा मुलखात बसून विंडोज 10 सोडून 11 वर जायचं की नाही, हे मी एकट्याने ठरवावं अशी संगणकाची अपेक्षा!

माझं बाजारपेठेत डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, दशावताराची हँडबिलं, होमस्टेंची मेनूकार्डं (त्यात सुरमई थाळीचा दर कायम बदलायचा). संगणक उत्तम चालतो. म्हणजे सकाळी चालू करून मी चहा पिऊन येईपर्यंत तोही जागा झालेला असतो. तर 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा पाठिंबा संपणार, असं त्याने पडद्यावर सांगायला सुरुवात केली. तारीख कोणी काढली कोण जाणे, दिवाळीतल्या चावदिसाच्या पोह्यांना आठवडासुद्धा नाही!

भाचा पुण्याला आयटीत. फोनवर म्हणाला, “मामा, टीपीएम 2.0 चिप आहे का बघ. नसेल तर 11 घेणारच नाही.” मी मोठ्या आशेने तपासलं. नव्या विंडोजने आपणहून नाकारलं असतं तर मानाने जुन्यावर राहता आलं असतं. पण चिप निघाली. प्रोसेसरही चालण्यासारखा निघाला. पात्र ठरलो हीच पंचाईत.

भाच्याला वाटतं मामा नव्याला घाबरतो. मी घाबरतो फॉन्टांना. माझी जुनी कामं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत आहेत. तिथे संगणकाच्या लेखी सगळी इंग्रजी अक्षरंच असतात, दिसतात फक्त मराठी. फॉन्ट फुटला की ‘चि. सौ. कां.’ च्या जागी डॉलर, टक्के आणि अर्धवट कंस उभे राहतात. त्या फॉन्टांचं सॉफ्टवेअर चालतं यूएसबीत खोचलेल्या बोटभर लॉकवर. तो सैल झालाय, म्हणून मी त्याला रबरबँड लावलाय. नव्या विंडोजने हा लॉक ओळखलाच नाही तर? आणि समजा ओळखला, पण ‘आचऱ्या’तला ‘ऱ्या’ पत्रिकेत मोडून आला तर? रामेश्वर माफ करील. नवरीच्या मामाची खात्री नाही.

कुडाळच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. “करा हो काका, काय होणा नाय. फक्त बॅकअप घेवन ठेवा. आणि काय झालाच तर दिवाळीत माका फोन करू नकात.”

आबा दुकानात पेपर वाचत होते. “चलता मा?”

“चलता.”

“मगे कित्याक हात लावतंस?”

मी त्यांना पडदा दाखवला. दोनच बटणं. एकावर ‘डाउनलोड करून इन्स्टॉल करा’, दुसऱ्यावर ‘तूर्तास विंडोज 10 वरच राहा’. आबांनी चष्मा वर ढकलला. “देवाक कौल लावलो तर उजवो पडता नायतर डावो. ह्येका डावी बाजूच खय आसा?” माझ्या मते संगणकशास्त्रावर इतकं नेमकं आमच्या बाजारपेठेत कोणी बोललेलं नाही. ‘नको’ म्हणायची सोयच नाही. म्हणायचं ते ‘तूर्तास’.

तरी आबांनी रीत सोडली नाही. संगणकासमोर उभं राहून हात जोडले. “बा देवा म्हाराजा! ह्या झिलान नव्या इंडोजात जावचो घाट घातलेलो आसा. तेच्यात जर का लाईट गेली, नेट गेला, कोणी आडो इलो, तर ता सगळा दूर कर, आणि ह्येची अक्षरां जाग्यार ठेव रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” पत्रिकेसाठी थांबलेलं गिऱ्हाईक मनापासून ओरडलं. मग हळूच मला म्हणालं, “माझ्या झिलाची पत्रिका पयली छापून घे हां.”

मी ‘तूर्तास’ दाबलं. नंतर कळलं की जुन्या विंडोजला सुरक्षेपुरती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढही घेता येते. तीही घेऊन टाकली.

“ठीक,” भाचा म्हणाला, “पण तारीख आत्ताच पक्की कर. मी येऊन करून देतो.”

दिवाळीत जमणार नाही. तुळशीचं लग्न झालं की दशावताराचा हंगाम, पाठोपाठ लग्नसराई. मग आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा, म्हणजे बॅनर आणि हँडबिलं. जत्रा झाली की मी मोकळा.

“मग जत्रेनंतरचा रविवार. कधी आहे जत्रा? कॅलेंडरमध्ये टाकून ठेवतो.”

आता पुण्यात वाढलेल्या पोराला काय सांगणार? जत्रेची तारीख कुठल्याच कॅलेंडरात छापलेली नसते. ती देवीच्या कौलाने ठरते.

“कौल झालो की कळवतंय,” म्हटलं.